आलिसिया आलोन्सो: कमी दिसत असताना ती नाचली कशी, आणि शिकवलं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: क्यूबाची बॅले डान्सर आलिसिया आलोन्सो जवळजवळ आंधळी असताना स्टेजवर नाचायची हे खरं की नुसती पसरलेली गोष्ट, तिला मोठी डान्सर म्हणायचं की मोठी टीचर, आणि तिचं काम बघायचं तर सुरुवात कुठून करायची. मी बरीच वर्षं मुंबईत बॅले शिकवतेय, त्याआधी कथक शिकलेय, त्यामुळे हे उत्तर शिकवणाऱ्या बाईच्या नजरेतून येणार, आणि लांबणार, कारण या बाईबद्दल दोन ओळीत लिहिणं मला जमत नाही.

पहिल्या भागाचं उत्तर, हो, खरं आहे. पण सगळीकडे ते चमत्कार म्हणून सांगतात ना, त्याने तिच्या कामाचा अपमान होतो असं माझं मत आहे. चमत्कार म्हटलं की शिकण्यासारखं काही उरतच नाही. तिने जे केलं त्यातलं बरंचसं समजून घेता येतं, आणि त्यातूनच पुढे तिची शाळाही समजते.

आधी थोडं मागचं. जन्म 21 डिसेंबर 1920, हवाना. माहेरचं आडनाव मार्तिनेस. वडील सैन्यात अधिकारी, आई कपडे शिवणारी. 1931 मध्ये हवानातल्या सोसिएदाद प्रो-आर्ते म्युझिकाल या संस्थेने बॅलेचे क्लास चालू केले, शिकवायला निकोलाय याव्होर्स्की नावाचा रशिया सोडून आलेला माणूस, आणि तिथे ही दहा वर्षांची मुलगी गेली. त्या काळात क्यूबात बॅले म्हणजे चांगल्या घरातल्या मुलींची पाठ सरळ राहावी, चालणं-बोलणं नीट व्हावं यासाठीची गोष्ट होती, त्यावर कुणाचं पोट चालेल असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. त्याच संस्थेच्या अध्यक्षबाई लाउरा रायनेरी, आणि त्यांची दोन मुलं फर्नांदो आणि आल्बेर्तो आलोन्सो. मुलगे असून दोघेही बॅलेत आले ही त्या समाजात फार मोठी गोष्ट होती. फर्नांदो आणि आल्बेर्तो ही दोन नावं लक्षात ठेवा, कारण आलिसियाची गोष्ट खरं तर तिघांची आहे आणि बाकीच्या दोघांना लोक पटकन विसरतात.

1937 मध्ये सोळा वर्षांची असताना ती न्यूयॉर्कला गेली, फर्नांदोशी लग्न केलं, 1938 मध्ये मुलगी झाली, तिचं नाव लाउरा. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात मुलगी बारावीच्या क्लासला जाते त्या वयात हिच्या कडेवर मूल होतं, देश परका, भाषा परकी, आणि तरी ती रोज क्लासला जात होती. एन्रिको झानफ्रेत्ता या म्हाताऱ्या इटालियन मास्तरांकडे, अलेक्झांड्रा फेदोरोव्हाकडे, स्कूल ऑफ अमेरिकन बॅलेत. हे मी नुसती नावं घ्यायची म्हणून लिहीत नाही. झानफ्रेत्तांची इटालियन पद्धत म्हणजे पायाचं झटपट, बारीक, स्वच्छ काम. रशियन पद्धत म्हणजे पाठ, हात, मोठी हालचाल. एकाच शरीरात दोन घराणी मुरत होती आणि फर्नांदो शेजारी उभा राहून कोण काय शिकवतं, का शिकवतं हे मनात नोंदवत होता. घर चालवायला दोघं ब्रॉडवेवर पण नाचले, 1938 चा ग्रेट लेडी, 1939 चा स्टार्स इन युवर आइज, मग बॅले कॅराव्हान ही फिरती कंपनी, आणि 1940 मध्ये ती नव्याने निघालेल्या बॅले थिएटर कंपनीत गेली, आज जिला अमेरिकन बॅले थिएटर म्हणतात ती.

आणि मग 1941. डोळ्याचा पडदा सुटला. रेटिना. वय वीस.

तेव्हाचा उपचार म्हणजे ऑपरेशन आणि त्यानंतर अंथरुणाला खिळून राहणं, आजच्यासारखं लेसर वगैरे काही नाही. एक ऑपरेशन झालं, बरी होतेय असं वाटून ती परत नाचायला लागली, पुन्हा तेच, पुन्हा ऑपरेशन, आणि तिसऱ्या खेपेला हवानामध्ये दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोकं अजिबात हलवायचं नाही. जोरात चावायचं नाही, हसायचं नाही, रडायचं नाही, लहान मुलीशी खेळायचं नाही. हे जवळजवळ वर्षभर. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की कडेची नजर परत येणार नाही, समोरचा एक भाग दिसेल तेवढाच.

याच वर्षात ती जिझेल शिकली. फर्नांदो रोज बिछान्याजवळ बसायचा आणि बोटांनी पावलं करून दाखवायचा, तिच्या हाताशी, तिला स्पर्शाने कळेल असं, आणि ती आपल्या बोटांनी ती परत करायची. जिझेल ही दोन अंकांची बॅले, 1841 मध्ये पॅरिसला पहिल्यांदा झालेली, संगीत अदोल्फ आदाँचं. पहिल्या अंकात गावातली साधी मुलगी, फसवणूक कळल्यावर भ्रमिष्ट होऊन मरते, दुसऱ्यात तीच मुलगी भूत होऊन येते आणि फसवणाऱ्याला वाचवते. भूमिका तिने तोपर्यंत एकदाही केलेली नव्हती. अख्खी भूमिका, स्वतःची आणि इतरांची पावलं, कोण कुठून येतं, कोण कुठे वळतं, सगळं बोटांवर.

आता हे अशक्य नाही, का ते सांगते. प्रत्येक डान्सर हे थोड्या प्रमाणात रोज करतो. बॅलेत त्याला मार्किंग म्हणतात, म्हणजे रिहर्सलला पूर्ण ताकद न लावता हातांनी पायाची नक्कल करत पूर्ण रचना मनात फिरवायची, उजवा हात उजवा पाय, मनगट फिरलं की गिरकी. माझ्या क्लासमधल्या मुली बसच्या सीटवर बसून करतात. कथक शिकलेल्यांना हे लगेच कळेल, आपण पढंत करतो, हाताने ताल धरून बोल म्हणतो तेव्हा शरीर जागेवर असतं पण तुकडा पूर्ण नाचून होतो, आणि ज्याची पढंत पक्की त्याचं नाचणं पक्कं हे गुरुजन उगाच सांगत नाहीत. आलिसियाने हेच केलं, फक्त वर्षभर, आणि त्याशिवाय दुसरं काहीही करायची सोय नसताना. तुम्ही-आम्ही मार्किंग करतो ते आळसाने किंवा दमलो म्हणून, त्यात पाव भाग लक्ष असतं. हिचं पूर्ण लक्ष होतं. म्हणून नंतर तिच्या नाचात एक गोष्ट दिसते जी फार कमी जणांत असते, प्रत्येक हालचाल सुरू व्हायच्या आधी तिला ती कुठे संपणार हे माहीत आहे असं वाटतं.

पण मनात नाचल्याने पोटऱ्या राहत नाहीत. हा भाग गोष्ट सांगणारे गाळतात आणि मला तोच सगळ्यात कठीण वाटतो. काही आठवडे क्लास बंद झाला तरी घोटा सैल पडतो, पायाचा तळवा विसरतो, पॉइंट शूजमध्ये, म्हणजे बोटांच्या टोकावर उभं राहायच्या कडक बुटांत, उभं राहताना भीती वाटते. हिला आधी नीट चालायला शिकावं लागलं, मग बारला, म्हणजे भिंतीलगतच्या दांड्याला, धरून प्लिए, म्हणजे गुडघे वाकवायचा पहिला व्यायाम, मग हळूहळू सगळं. आणि हे सगळं अशा शरीराने ज्याला आता कडेचं दिसत नाही, म्हणजे तोल सांभाळायचा एक मोठा आधारच गेला. करून बघा, एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा, किती वेळ टिकता ते बघा. आपण तोल कानातल्या यंत्रणेने, पायाच्या स्पर्शाने आणि नजरेने सांभाळतो, आणि नजरेतला कडेचा भाग त्यात फार काम करतो, आपल्याला कळत पण नाही. तो गेला की बाकी दोघांवर सगळा भार.

2 नोव्हेंबर 1943, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस. जिझेल करणार होती अलिसिया मार्कोव्हा, ती आजारी पडली, आणि तिच्या जागी ही उभी राहिली, समोर आंतोन डोलिन. मार्कोव्हा आणि डोलिन दोघेही मूळचे इंग्रज बरं का, रशियन वाटतील अशी नावं घेतलेले, कारण त्या काळात रशियन नाव असल्याशिवाय बॅलेत कुणी गंभीरपणे घ्यायचं नाही. आणि ही क्यूबन मुलगी आपल्या स्पॅनिश नावाने तिथे जाऊन बॅलेतली सगळ्यात मानाची भूमिका नाचून आली. लॅटिन अमेरिकेतल्या पुढच्या मुलींसाठी या गोष्टीचं महत्त्व काय होतं ते शब्दात सांगणं अवघड आहे. दहा वर्षांनी, 1953 मध्ये, चिलीत जन्मलेली आणि मेक्सिकोत शिकलेली लूपे सेर्रानो त्याच कंपनीत आली, तीही पुढे मोठी टीचर झाली, तिच्यावर वेगळं लिहायला हवं.

आता प्रत्यक्ष स्टेजवर कसं जमायचं. यात तीन-चार गोष्टी एकत्र होत्या. एक म्हणजे दिवे. समोरच्या बाजूला ठरावीक ठिकाणी जास्त प्रखर, रंगीत दिवे लावलेले असायचे, ते तिच्यासाठी दिशा दाखवायचे, कुठे समोर, कुठे कड, पुढे गेलं तर खाली ऑर्केस्ट्राचा खड्डा. गिरक्या मारताना डान्सर नजर एका बिंदूवर रोखतो, शरीर वळतं पण डोकं शेवटपर्यंत मागे राहतं आणि मग झटकन फिरून त्याच बिंदूवर येतं, याला स्पॉटिंग म्हणतात, कथकच्या चक्करमध्ये पण हेच. आलिसियाला अंधुक असलं तरी समोरचा प्रखर दिवा दिसायचा, म्हणजे बिंदू मिळायचा, तिला बाकी प्रेक्षागृह दिसायची गरज नव्हती. दुसरं म्हणजे पार्टनर. तिच्या पार्टनरला ठरलेल्या जागी, ठरलेल्या मात्रेला असावंच लागायचं, वीतभर इकडेतिकडे चालायचं नाही, आणि तोही आवाजाने, हाताच्या हलक्या दाबाने तिला जागा सांगायचा, आणि हे प्रेक्षकांना अजिबात कळू द्यायचं नाही. इगोर युस्केविच, नंतर आझारी प्लिसेत्स्की, नंतर होर्हे एस्किव्हेल, हे सगळे तिच्यासोबत वर्षानुवर्षं नाचले ते त्यामुळेच, असा पार्टनर आठवड्यात तयार होत नाही. माझ्या मते या पुरुषांना फार कमी श्रेय मिळालंय. जोडीच्या नाचात मुलगी दिसते आणि मुलगा तिला दाखवतो, पण इथे तर तो तिचे अर्धे डोळे होता.

आणि तिसरं, संगीत. कमी दिसणाऱ्या माणसाला अंतर मोजायला काळ वापरावा लागतो. चार मात्रांत मी तिरकी इतकी पुढे जाते, मग वळते, म्हणजे आता तो माझ्या उजव्या हाताला आहे. हे जर प्रत्येक वेळी बिनचूक व्हायचं असेल तर पावलाची लांबी रोज तीच पाहिजे, आणि ती रोज तीच येण्यासाठी तंत्र पक्कं पाहिजे, मूड वगैरे चालत नाही. मला वाटतं तिच्या कडकपणाचं मूळ इथे आहे. पुढे जे तिच्या हाताखाली तयार झाले ते सगळे सांगतात की ती फार बारकाईने दुरुस्त करायची, मानेचा कोन, बोटांचं टोक, नजर कधी उचलायची. जिला स्वतःला धड दिसत नाही ती दुसऱ्याच्या मानेचा कोन कसा दुरुस्त करते हे लोकांना गूढ वाटतं. त्यात गूढ नाही. अनुभवी टीचरला पावलाचा आवाज ऐकून कळतं की उडी कशी उतरली, टाच टेकली की नाही, वजन मागे राहिलं की काय. मी स्वतः पाठमोरी असताना मुलींना सांगते आणि त्या दचकतात.

आणखी एक, दिसण्याचा त्रास सुरू झाल्यानंतर तिला कुणी सोपं सोपं दिलं असं नाही. 1947 मध्ये नृत्यरचनाकार जॉर्ज बालांशिनने तिच्यासाठी आणि युस्केविचसाठी थीम अँड व्हेरिएशन्स रचली, चायकोव्हस्कीच्या तिसऱ्या सुइटच्या शेवटच्या भागावर. आजही भल्याभल्या बॅलेरिना तिला घाबरतात. वेग, लगेच दिशा बदल, मग दम लागलेला असतानाच अत्यंत संथ जोडीचा भाग. 1948 मध्ये अॅग्नेस डी मिलच्या फॉल रिव्हर लेजंडच्या पहिल्याच प्रयोगाला नोरा के आजारी होती तेव्हा पण हिनेच उभं राहून निभावलं. म्हणजे अमेरिकेत तिचं सगळं छान चालू होतं, तिथेच राहिली असती तरी नाव झालंच असतं.

आणि तरी 1948 मध्ये ती हवानाला कंपनी काढते. बॅले थिएटर त्या वर्षी पैशाअभावी तात्पुरती बंद पडली होती, हाताशी रिकामे डान्सर होते, आणि तिघा आलोन्सोंना आपल्या देशात काहीतरी उभं करायचंच होतं. 28 ऑक्टोबर 1948 ला बॅले आलिसिया आलोन्सोचा पहिला प्रयोग. डान्सर बरेचसे बाहेरचे, कारण क्यूबात तयार झालेले पुरेसे नव्हतेच. इथेच तिघांना कळलं की शाळा नसेल तर कंपनी म्हणजे पाहुण्यांचा मेळा. म्हणून 1950 मध्ये अकादमी. पैसे कुठून यायचे तर बऱ्याचदा आलिसिया परदेशात नाचून कमवायची ते इकडे घालायची. 1956 मध्ये क्यूबाचा तेव्हाचा हुकूमशहा बातिस्ताच्या सरकारने मदत तोडली, तिने जाहीरपणे विरोध केला, हवाना विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर निषेधाचा प्रयोग झाला आणि मग ती देशाबाहेर नाचत राहिली. 1957-58 मध्ये सोव्हिएत युनियनमध्ये मॉस्कोच्या बोल्शोई आणि लेनिनग्राडच्या किरोव्ह थिएटरच्या स्टेजवर नाचली, अमेरिका खंडातून तिथे अशी बोलावलेली ती पहिली बॅलेरिना.

1959 मध्ये क्रांती झाली आणि फिदेल कास्त्रोच्या सरकारने 2 लाख डॉलर देऊन कंपनी पुन्हा उभी करायला सांगितली, नाव बॅले नासिओनाल दे कूबा. मला या भागाबद्दल मन घट्ट करून लिहावं लागतं, कारण यात जगातलं एक उत्तम नृत्यशिक्षण आहे आणि त्याच्यासोबत बरंच दुःख पण आहे.

आधी शिक्षण. क्यूबाची पद्धत म्हणजे फुकट शिक्षण, देशभर फिरून निवड, नऊ-दहा वर्षांच्या मुलांची. शरीराची ठेवण, लवचिकता, उडी, आणि लयीचा कान बघायचे. निवड झाली की आठ वर्षांचा अभ्यासक्रम, शाळेच्या नेहमीच्या विषयांसकट. सुरुवातीला मुलगे मिळेनात, कारण मुलग्याने बॅले करायचं म्हणजे घराण्याची अब्रू गेली असं तिथेही वाटायचं. मग त्यांनी हवानाच्या अनाथाश्रमातून मुलगे घेतले, ज्यांच्यामागे नाही म्हणायला आई-बाप नव्हते. होर्हे एस्किव्हेल त्यातलाच, जो पुढे आलिसियाचा पार्टनर झाला. याच्याबद्दल वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. आपल्याकडे अजूनही मुलाला नाचाला घालायचं म्हटलं की वडील आधी क्रिकेटच्या कोचिंगचं विचारतात, आणि इथे एका देशाने ठरवून काही वर्षांत पुरुष डान्सर ही अभिमानाची गोष्ट करून दाखवली. मुलग्यांना पुरुष टीचर, वेगळे क्लास, उडी आणि गिरकीवर भर, आणि जोडीत नाचताना बाईशी कसं वागायचं याचं सुद्धा शिक्षण.

या पद्धतीमागचं डोकं मुख्यतः फर्नांदोचं. तो शरीरशास्त्र वाचायचा, एकेक व्यायाम का आहे, कोणत्या वयाला आहे, त्याने कोणता स्नायू तयार होतो असा विचार करायचा. इटालियनांचं पायाचं काम, रशियनांची पाठ आणि हात, इंग्लंडमधला नेटकेपणा, हे सगळं घेऊन त्यांनी ते क्यूबन शरीराला आणि क्यूबन कानाला बसवलं. परिणाम काय दिसतो? क्यूबन डान्सर तोल पकडून उभा राहतो तो संगीत संपत आलं तरी उभाच असतो, गिरक्या भरपूर आणि शेवटची गिरकी संथ होत थांबते, धपकन नाही. आणि जोडीतले दोघं एकमेकांकडे खरोखर बघतात. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच कंपन्यांत पा द द मध्ये, म्हणजे जोडीच्या नाचात, दोघं प्रेक्षकांकडे बघत एकमेकांना उचलत असतात. क्यूबनांमध्ये नजर आणि श्वास एकमेकांना दिलेला असतो, त्यात छेडछाड आहे, मान आहे. ही गोष्ट कमी दिसणाऱ्या बाईकडून आली असावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिला पार्टनरचं खरंच भान ठेवावं लागायचं, त्यावर तिची सुरक्षितता होती.

आल्बेर्तो नृत्यरचनाकार. 1967 मध्ये त्याने बोल्शोईत रशियन बॅलेरिना माया प्लिसेत्स्कायासाठी कारमेन ही बॅले केली, श्चेद्रिनच्या संगीतावर, आणि आलिसियाने पण ती नाचली, आणि पुढे वर्षानुवर्षं ती तिची भूमिका राहिली. तर असे तिघं: एक नाचणारी, एक शिकवणारा, एक रचणारा.

1964 मध्ये बल्गेरियातल्या वार्नाला बॅलेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली आणि क्यूबाच्या मुली तिथे पदकं घेऊ लागल्या तेव्हा जगाचं लक्ष गेलं. मिर्ता प्ला, होसेफिना मेंदेस, लोइपा आराउहो, आउरोरा बोश. इंग्लिश समीक्षक आर्नोल्ड हॅस्केलने त्यांना चार रत्नं म्हटलं. माझ्या मते शाळेचा पुरावा एका जिनिअसमध्ये नसतो, तो अशा चौघींमध्ये असतो ज्या एकाच मुशीतून येऊनही एकमेकींसारख्या दिसत नाहीत. पुढे होसे मानुएल कार्रेन्यो, लोरेना आणि लोर्ना फेइहो, शिओमारा रेयेस, आणि कार्लोस आकोस्ता. आकोस्ताचे वडील ट्रक चालवायचे, मुलगा वाया जाऊ नये म्हणून बॅलेच्या शाळेत घातला, 1990 मध्ये स्वित्झर्लंडमधली लोझानची तरुण डान्सरांची स्पर्धा जिंकला, लंडनच्या रॉयल बॅलेचा स्टार झाला आणि 2020 मध्ये बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा प्रमुख झाला. फी भरून चालणाऱ्या क्लासमध्ये हा मुलगा दाराशी सुद्धा पोचला नसता. मी स्वतः फी घेऊन क्लास चालवते म्हणून हे मला जास्त टोचतं.

आता दुसरी बाजू, ती न सांगता हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. 1960च्या दशकात क्यूबन सरकारने समलिंगी पुरुषांना सक्तीच्या मजुरीच्या छावण्यांमध्ये धाडलं, आणि त्याची भीती कंपनीपर्यंत आली. 1966 मध्ये पॅरिसच्या दौऱ्यावर कंपनीतले दहा पुरुष डान्सर परत न जाता तिथेच राहिले. नंतरच्या दशकांतही शिकून तयार झालेले डान्सर एकामागून एक निघून जात राहिले, पगार नगण्य, भूमिका मर्यादित, आणि वर एकच व्यक्ती सगळं ठरवणारी. आलिसियाने सत्ता शेवटपर्यंत सोडली नाही. सत्तरीपर्यंत स्वतः मोठ्या भूमिका केल्या, 1995 मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी शेवटचं नाचली, आणि 17 ऑक्टोबर 2019 ला अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेली तोपर्यंत कंपनीवर नाव तिचंच होतं, त्याच वर्षाच्या सुरुवातीला व्हिएन्गसाई व्हाल्देसकडे कलेची जबाबदारी दिली होती. काळ्या वर्णाच्या डान्सरना मुख्य भूमिका मिळायला किती झगडावं लागलं यावरही टीका झालीय आणि ती टीका मला योग्य वाटते, क्यूबासारख्या देशात स्टेजवरचे चेहरे रस्त्यावरच्या चेहऱ्यांसारखे दिसायला हवे होते. एक तरुण डान्सर वाट बघत असताना सत्तरीतल्या बाईने जिझेल करणं हे सुद्धा मला शिक्षक म्हणून पटत नाही, कितीही प्रेम असलं तरी. शिकवणाऱ्याने जागा रिकामी करायची असते.

फर्नांदो आणि ती 1970च्या दशकात वेगळे झाले. तो कामाग्वेला जाऊन तिथली कंपनी घडवत बसला, राजधानीपासून लांब, आणि 2013 मध्ये गेला. शाळेच्या इतिहासात त्याचं नाव तिच्या इतकंच मोठ्याने घ्यायला हवं असं मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगते.

राजकारणाने आणखी एक गोष्ट हिरावली. जिथे ती स्टार झाली त्या अमेरिकेत 1960 पासून 1975 पर्यंत ती नाचू शकली नाही, म्हणजे चाळिशी ते पन्नाशी, डान्सरची समज सगळ्यात पिकलेली असते तो काळ. अमेरिकन प्रेक्षकांनी तिला परत बघितलं तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती.

तर डान्सर की टीचर? माझं उत्तर असं: रोजचा क्लास घेणारी, लहान मुलांना पहिल्यापासून घडवणारी टीचर या अर्थाने ते काम फर्नांदोचं आणि त्याने तयार केलेल्या बायकांचं, जशा रामोना दे साआ, ज्यांनी हवानाची राष्ट्रीय बॅले शाळा वर्षानुवर्षं चालवली. आलिसियाचं शिकवणं वेगळ्या जागी होतं. तयार डान्सरला भूमिका देताना, शैली सांगताना. जिझेलचा काळ वेगळा, स्वान लेकचा वेगळा, एकाच पद्धतीने हात उचलून दोन्ही नाचता येत नाहीत, हे ती जीव तोडून सांगायची. तिची जिझेलची मांडणी 1972 मध्ये पॅरिस ऑपेराने घेतली. ज्या शहरात ती बॅले जन्मली तिथेच क्यूबाच्या बाईकडून ती शिकायची, याहून मोठं प्रमाणपत्र टीचरला काय मिळणार.

आता बघायचं काय. 1963 मध्ये एन्रिके पिनेदा बार्नेतने जिझेलवर ब्लॅक अँड व्हाइट फिल्म केली, आलिसिया तेव्हा बेचाळीसच्या आसपास, समोर आझारी प्लिसेत्स्की. तिथूनच सुरू करा. पहिल्यांदा बघताना गोष्ट आणि चेहरा बघा, विशेषतः भ्रमिष्ट होतानाचा प्रसंग, ती किती कमी करते ते बघा. दुसऱ्यांदा फक्त दुसरा अंक लावा आणि तिचे पाय बघा, हवेत पाय एकमेकांवर आपटत वर उडायचे छोटे छोटे ठोके आहेत ते, वरचं शरीर अगदी शांत आणि खाली झानफ्रेत्तांचं इटालियन काम चालू आहे. तिसऱ्यांदा तिला सोडून द्या आणि प्लिसेत्स्कीला बघा, तो कुठे उभा राहतो, किती आधी पोचतो, हात कधी पुढे येतो. नाच शिकत असाल तर तिसऱ्या वेळी सगळ्यात जास्त कळेल. त्यानंतर थीम अँड व्हेरिएशन्स आजच्या कुठल्याही चांगल्या कंपनीची बघा आणि स्त्री भूमिकेच्या पहिल्या सोलोचा वेग लक्षात घेऊन विचार करा की ही कुणासाठी रचली होती. कारमेन नंतर बघा, आधी बघितली तर तिचा रुबाबच लक्षात राहतो आणि पायाकडे लक्ष जात नाही.